कास्ता, चांदी आणि साखर: स्पेन-पोर्तुगालच्या साम्राज्यांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

गोव्याचा इतिहास वाचता वाचता मी कधी मेक्सिको आणि ब्राझीलकडे वळले ते कळलंच नाही, आणि आता दहा-बारा वर्षं तेच वाचतेय. ओळखीतले लोक, मुलांचे मित्र, ट्रेकला भेटलेली मंडळी साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढलंय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

स्पेन आणि पोर्तुगाल वेगळे का धरायचे, दोघं शेजारीच ना, काम पण एकच केलं?

शेजारी आहेत, दोघंही कॅथलिक, आणि 1580 ते 1640 अशी साठ वर्षं तर दोन्ही गाद्यांवर एकच राजा होता. पण कमाईची पद्धत वेगळी होती. पोर्तुगालची माणसं कमी, म्हणून त्यांनी आधी समुद्र धरला, बंदरं आणि किल्ले ताब्यात घेतले, आफ्रिकेतल्या सोफालापासून चीनमधल्या मकावपर्यंत, आणि मधल्या दर्यात कुणी जहाज काढलं तर आमचा परवाना दाखव म्हणायचे, त्याला कार्ताझ म्हणत, नसला तर जहाज जप्त. गोवा या सगळ्याची राजधानी होती, ही गोष्ट आपण विसरतो. स्पेनला मात्र अमेरिकेत मोठमोठी शेतीवाली राज्यं सापडली, तिथे आधीपासून कर गोळा करायची यंत्रणा होती, त्यांनी ती यंत्रणाच उचलली.

1494 साली तोर्देसियासला दोघांनी करार करून केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला 370 लीगवर एक रेघ मारली, पूर्वेकडचं तुमचं, पश्चिमेकडचं आमचं. त्या जमिनींवर राहणाऱ्या एकालाही विचारलेलं नव्हतं. ब्राझीलचा फुगवटा त्या रेघेच्या पूर्वेला येतो, म्हणून आज ब्राझील पोर्तुगीज बोलतं आणि शेजारचे जवळपास सगळे स्पॅनिश.

पाचशे माणसांनी अझ्टेकांचं अख्खं साम्राज्य कसं काय पाडलं?

पाडलं नाही, म्हणजे एकट्यांनी तर नाहीच नाही. एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार 1519 ला मेक्सिकोत उतरला तेव्हा साधारण पाचशे सैनिक होते हे बरोबर, पण 1521 मधे अझ्टेकांच्या राजधानीला, तेनोच्तित्लानला, वेढा पडला तेव्हा त्याच्या बाजूने लढणारे हजारोंनी स्थानिक लोक होते, त्यात सगळ्यात महत्त्वाचे त्लाश्काला राज्याचे. त्यांचं अझ्टेकांशी कित्येक पिढ्यांचं वैर. आपल्याकडे जसं कुठल्याही लढाईत कोण कुणाच्या बाजूने होतं हे बघितलं की चित्र बदलतं तसंच तिथे.

मग मालिन्त्सिन. ही मुलगी लहानपणीच गुलाम म्हणून विकली गेलेली, तिला अझ्टेकांची नाहुआत्ल आणि माया दोन्ही भाषा यायच्या, कोर्तेसला ती भेट म्हणून मिळालेल्या बायकांमधली एक होती. आधी ती मायामधे सांगायची आणि एक स्पॅनिश माणूस ते स्पॅनिशमधे करायचा, नंतर ती स्वतःच स्पॅनिश शिकली. मेक्सिकोत तिच्या नावावरून विश्वासघाताला शब्द पडलाय, परक्याची भक्ती करणाऱ्याला मालिन्चिस्ता म्हणतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं. ज्या मुलीला तिच्याच लोकांनी विकलं तिने कुणाशी इमान राखायचं होतं?

तिसरी गोष्ट देवी. 1520 मधे देवीची साथ शहरात शिरली, अझ्टेक राजा मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लावाक तिच्यातच गेला. शहर पडलं 13 ऑगस्ट 1521 ला.

पेरूमधे इंकांच्या राज्यात पण असंच. फ्रान्सिस्को पिसारोबरोबर 168 माणसं होती, पण तो पोचला तेव्हा आताउआल्पा आणि वास्कार या दोन भावांमधलं गादीचं युद्ध नुकतंच संपत आलेलं, देश दुभंगलेला. 16 नोव्हेंबर 1532 ला काहामार्कात आताउआल्पा पकडला गेला, त्याने सुटकेसाठी खोली भरून सोनं दिलं, ते घेऊनही पुढच्या वर्षी त्याला मारलं. आणि तरी इंका संपले नाहीत, विल्काबांबाच्या जंगलात त्यांचं छोटं राज्य 1572 पर्यंत टिकलं.

त्लाश्कालाच्या लोकांनी नंतर शेकडो वर्षं राजाकडे अर्ज केले, की आम्ही जिंकून दिलंय तेव्हा आमचा कर माफ करा, आमच्या जमिनींना हात लावू नका. बऱ्याच सवलती त्यांनी मिळवल्या पण. ‘जित’ आणि ‘जेते’ असे सरळ दोन भाग करून हा इतिहास सांगता येत नाही तो यामुळे.

लोक मेले ते तलवारीने की रोगाने?

दोन्ही, आणि दोन्ही वेगळं काढता येत नाही. देवी, गोवर, आणि 1545 व 1576 ची मेक्सिकोतली ती भयंकर साथ जिला तिथले लोक कोकोलित्स्ली म्हणत. मूळ लोकसंख्या किती होती यावर तज्ज्ञांचं अजून भांडण आहे, पण शंभरेक वर्षांत मध्य मेक्सिकोची लोकसंख्या 80 ते 90 टक्क्यांनी घटली यावर बहुतेकांचं एकमत आहे. रोगाचा जंतू कुणी मुद्दाम आणला नसेल, पण खाणीत आणि मळ्यात राबवलेलं, शेतातून उठवलेलं, उपाशी असलेलं माणूस साथीत टिकत नाही. म्हणून ‘रोगाने मेले, त्यात स्पेनचा काय दोष’ हे म्हणणं मला पटत नाही.

एन्कोमिएन्दा म्हणजे जहागीरच ना?

जवळ आहे, पण जमीन मिळत नव्हती. राजा एखाद्या स्पॅनिश माणसाला सांगायचा की या अमुक गावांतले लोक तुझ्या ‘हवाली’, त्यांच्याकडून कर आणि मजुरी घे, बदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्म शिकव आणि संरक्षण दे. घ्यायचं ते सगळं घेतलं गेलं, द्यायचं राहिलं.

बार्तोलोमे दे लास कासास हा पाद्री स्वतः असा एन्कोमेन्देरो होता, 1514 मधे त्याने ते सोडलं आणि उरलेलं आयुष्य याविरुद्ध लिहिण्यात घालवलं. 1542 ला राजाने नवे कायदे काढले, एन्कोमिएन्दा वंशपरंपरेने चालणार नाही म्हणून, तर पेरूतल्या मालकांनी चक्क बंड केलं, राजाला ते कलम मागे घ्यावं लागलं, आणि व्हाइसरॉयलाही त्यांनी लढाईत मारलं. लास कासासची एक काळी बाजूही सांगायला हवी: स्थानिकांना वाचवायला आफ्रिकेतून गुलाम आणा असं त्याने सुरुवातीला सुचवलेलं, नंतर त्याचा त्याला पश्चात्ताप झाला आणि तसं त्याने लिहूनही ठेवलं. मला वाटतं पश्चात्ताप लिहून ठेवणारे त्या काळात फार कमी होते, म्हणून मी त्याला मानते.

पोतोसीबद्दल एवढं का बोलतात?

कारण हे एक ठिकाण नीट कळलं की अर्धं साम्राज्य कळतं. आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटरच्या वर, जिथे झाडही धड वाढत नाही, तिथे एक शंकूसारखा डोंगर आहे, सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. 1545 मधे तिथे चांदी सापडली. साठ-सत्तर वर्षांत तिथे दीड लाखाच्या आसपास वस्तीचं शहर उभं राहिलं, त्या काळच्या जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक, आणि खायचं सगळं खालून लामा आणि खेचरांवर लादून वर आणायचं.

पहिली वीस-पंचवीस वर्षं चांगल्या प्रतीचं खनिज वर वर होतं ते संपलं. मग व्हाइसरॉय तोलेदोने 1570 च्या दशकात दोन गोष्टी केल्या. एक, वांकावेलिकाहून पारा आणला, चांदीचं खनिज दळून त्यात पारा मिसळला की हलक्या खनिजातूनही चांदी निघते. दोन, मिता. मिता हा मुळात इंकांचा शब्द, पाळीपाळीने राज्याचं काम करायची पद्धत, तीच उचलून तोलेदोने सोळा प्रांतांवर लादली, दरवर्षी प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा भाग पोतोसीला पाठवायचा, वर्षाला तेराएक हजार माणसं. बायकापोरं बरोबर निघायची, कुणाकुणाचा प्रवास दोन-दोन महिन्यांचा. मजुरी मिळायची पण इतकी कमी की त्यात माणूस जगत नसे, गावाला उरलेल्यांनी भर घालायची. मिता चुकवायला लोक गावच सोडून पळाले, दुसऱ्या गावात ‘उपरे’ म्हणून राहिले, कारण उपऱ्यावर मिता लागत नसे. आणि गाव रिकामं झालं तरी मजुरांचा आकडा जुनाच, म्हणजे उरलेल्यांची पाळी लवकर लवकर यायला लागली. हे सगळं 1812 पर्यंत चालू होतं, जवळपास अडीचशे वर्षं.

पण तिथली माणसं नुसती राबून मेली असंही नाही. मितावाल्यांशिवाय स्वखुशीने जास्त मजुरीवर काम करणारेही बरेच होते. स्थानिक बायका बाजारात कोकाची पानं, मक्याची दारू, खनिजाचे तुकडे विकायच्या, काही जणींनी त्यात बरा पैसा केला. अठराव्या शतकात काखचा म्हणून लोक होते, शनिवार-रविवारी खाणी बंद असल्या की आत शिरायचे आणि स्वतःसाठी खनिज काढायचे, मालक त्यांना चोर म्हणायचे, ते म्हणायचे आमचा रिवाज आहे. आजही त्या डोंगरात खाणकाम चालतं, आणि खाणीच्या आत एल तिओ या पाताळातल्या देवाची मूर्ती असते, तिच्यापुढे कोका, सिगरेट, दारू ठेवून मगच कामाला सुरुवात. वर चर्च, खाली तिओ.

मग एवढी चांदी गेली कुठे? स्पेन तर आज एवढा श्रीमंत दिसत नाही.

स्पेनच्या हातात थांबलीच नाही. युद्धांसाठी आधीच कर्ज काढलेलं असायचं, जहाज सेव्हिलला लागायच्या आधीच ती चांदी सावकाराची झालेली असायची. 1557, 1560, 1575, 1596 अशी चारदा फिलिप दुसऱ्याच्या काळात सरकारने देणी थांबवली. आणि खूप मोठा भाग गेला चीनला, कारण तिथे कर चांदीत भरायचा होता. 1565 पासून 1815 पर्यंत मेक्सिकोच्या आकापुल्कोहून मनिलाला चांदी भरून जहाजं जायची आणि रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले घेऊन यायची. आपल्याकडेही ही चांदी सुरतेसारख्या बंदरांतून आली आणि मुघलांच्या टांकसाळींत वितळून रुपये झाली.

याच मनिलाच्या जहाजाने माणसंही नेली. पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन नावाची एक बाई होऊन गेली, तिच्या चरित्रकार पाद्र्यांनी लिहिलंय की ती मुघल मुलखातली, पोर्तुगीज चाच्यांनी लहानपणी पळवलेली, मनिलात विकली गेली आणि मेक्सिकोत पोचली. तिथे लोक तिला संत मानायला लागले, 1688 ला वारली. पॅसिफिक ओलांडून गेलेली आपल्याकडची एक मुलगी, सतराव्या शतकात! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

‘कास्ता’ म्हणजे आपली जातच ना? शब्द पण सारखा वाटतो.

शब्दाचं नातं खरं आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधे कास्ता म्हणजे वंश, पैदास, कूळ, जनावरांबद्दल पण वापरतात. पोर्तुगीज लोक पश्चिम किनाऱ्यावर आले, इथल्या जाती बघितल्या आणि त्याला हाच शब्द लावला, तिथून तो इंग्रजीत जाऊन कास्ट झाला. म्हणजे आज सर्टिफिकेटवर जो इंग्रजी शब्द लिहितो तो पोर्तुगीज खलाशांचा आहे.

पण मेक्सिकोतली कास्ता आणि आपली जात वेगळी. आपल्याकडे रोटी-बेटी व्यवहार बांधून घातलेला, लग्न जातीतच. तिथे कास्ता हा शब्दच मुळी मिसळीला होता. स्पॅनिश पुरुष आणि स्थानिक बाई यांचं मूल मेस्तिसो, स्पॅनिश आणि आफ्रिकन यांचं मुलातो, मेस्तिसो आणि स्पॅनिश यांचं कास्तिसो, आणि कास्तिसोने परत स्पॅनिशशी लग्न केलं की मूल पुन्हा स्पॅनिश धरायचे! आफ्रिकन रक्त असलं तर मात्र ते कधीच पुसलं जात नाही असं मानत. हे ‘शुद्ध रक्ता’चं वेड त्यांनी स्पेनमधूनच आणलं, तिथे 1449 साली तोलेदो शहरात बाटलेल्या ज्यूंना आणि त्यांच्या वंशजांना सरकारी जागा बंद केल्या होत्या. म्हणजे आधी धर्मावरून रक्त मोजलं, मग समुद्रापार रंगावरून.

व्यवहारात फरक पडायचा तो कराचा. ‘इंदिओ’, म्हणजे मूळ स्थानिक, म्हणून नाव लागलं तर कर भरायचा, पण गावची सामायिक जमीन मिळायची, स्वतःचा पाटील, स्वतःची कोर्टकचेरी, आणि इन्क्विझिशनपासून, म्हणजे धर्म सोडणाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या कोर्टापासून, सुटका. मेस्तिसोला कर नाही पण जमीनही नाही. मुक्त आफ्रिकनांना कर होताच, वर शस्त्र बाळगायला आणि चांगले कपडे घालायला बंदी. त्यामुळे लोक परिस्थिती बघून नाव बदलायचे. एकच माणूस बाप्तिस्म्याच्या वहीत एक, लग्नाच्या वहीत दुसरं, असं पॅरिशच्या नोंदींत दिसतं. कपडे, भाषा, धंदा, कुणाच्या शेजारी राहतो, यावरून पाद्री लिहून टाकायचा. आणि 1795 मधे तर राजाने दरपत्रकच काढलं, एवढे पैसे भरा आणि ‘गोरे’ व्हा, ग्रासियास आल साकार म्हणत त्याला. काराकासच्या गोऱ्या श्रीमंतांनी याविरुद्ध केवढा आरडाओरडा केला, कारण विकत मिळणारी गोष्ट त्यांच्या एकट्याची राहिली नसती.

ती सोळा चौकटींची चित्रं असतात, तेव्हा खरंच एवढे प्रकार होते?

कास्ता चित्रं, अठराव्या शतकातली, मुख्यतः मेक्सिकोची. प्रत्येक चौकटीत आई, बाप, मूल आणि खाली नाव. मिगेल काब्रेराचा 1763 चा संच प्रसिद्ध आहे. शेवटच्या चौकटींतली नावं म्हणजे ‘तेन्ते एन एल आइरे’, हवेत लटकलेला, आणि ‘नो ते एन्तिएन्दो’, तू मला कळत नाहीस. रस्त्यावर असं कुणी कुणाला म्हणत नसे, रोजच्या नोंदींत पाच-सहा शब्दच चालायचे. ही चित्रं युरोपातल्या लोकांना दाखवायला काढलेली, की बघा आमच्याकडे सगळं नीट वर्गवारी करून ठेवलंय. मला त्यातली कापडं, फळं आणि भांडी बघायला फार आवडतात, त्या काळचं स्वयंपाकघर त्यात दिसतं. पण चित्रातलं बाकीचं खरं मानून समाज समजून घ्यायला गेलं तर चुकतं.

ब्राझील कुठे वेगळा पडला?

साखरेत, आणि म्हणून गुलामीत. तिथे सुरुवातीला चांदी नव्हती, मोठी राज्यं नव्हती, होतं ते ब्राझीलवूड नावाचं रंगाचं लाकूड. मग ईशान्य किनाऱ्यावर ऊस लावला, एन्जेन्यो म्हणजे घाणा, भट्टी, शेत, मालकाचा वाडा आणि गुलामांच्या वस्तीसह अख्खं गावच. आपल्याकडचं गुऱ्हाळ ज्यांनी बघितलंय त्यांना कल्पना येईल, रस काढला की लगेच उकळायला लागतो, थांबता येत नाही, म्हणून हंगामात रात्रंदिवस घाणा चालू, झोपेत हात चरकात गेला तर तोडायला शेजारी कोयता ठेवलेला असे.

आधी स्थानिक लोकांना पकडून राबवलं, ते साथीत मेले आणि जंगलात पळाले, मग आफ्रिका. अटलांटिकच्या या धंद्यात जिवंत उतरवलेल्या आफ्रिकनांपैकी साधारण 48 लाख एकट्या ब्राझीलमधे उतरले, आजच्या अमेरिकेत थेट आले ते चार लाखांच्या आत. हा आकडा ऐकून लोक दचकतात, कारण गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त अमेरिकेतले कापसाचे मळे येतात.

पळून गेलेल्यांनी जंगलात वस्त्या केल्या, किलोंबो. त्यात सगळ्यात मोठी पाल्मारेस, आजच्या आलागोआस राज्यात, हजारो लोक, शेती, तटबंदी, जवळजवळ शंभर वर्षं टिकली. 1694 ला ती पडली, तिचा पुढारी झुंबी 20 नोव्हेंबर 1695 ला मारला गेला. आज 20 नोव्हेंबरला ब्राझीलमधे राष्ट्रीय सुट्टी असते.

1690 च्या दशकात मिनास झेराइसमधे सोनं सापडलं आणि सगळं आतल्या भागात सरकलं. तिथे गुलाम थोडं थोडं सोनं जमवून स्वतःची किंमत हप्त्याने फेडायचे, असा रिवाजच पडला. काळ्या लोकांच्या रोझरी मातेच्या नावाने चालणाऱ्या चर्चच्या संघटना होत्या, त्या वर्गणी काढून आपल्या माणसांना सोडवायच्या, मयताला नीट पुरायच्या, स्वतःची चर्चं बांधायच्या. तिथला सगळ्यात मोठा शिल्पकार अलेइजादिन्यो हा पोर्तुगीज बापाचा आणि गुलाम आईचा मुलगा.

गुलामी गेली 13 मे 1888 ला, अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. सुटलेल्या माणसांना ना जमीन दिली ना पैसा. शहरांच्या डोंगरउतारांवर आज कोण राहतं याचं बरंचसं उत्तर यात आहे.

पण पोर्तुगीज म्हणे वंशभेद करत नव्हते, सगळ्यांत मिसळायचे?

हा प्रश्न गोव्याहून आलेल्या सुशिक्षित लोकांकडून पण येतो. मिसळायचे हे खरं, गोरी बायकामंडळी फार कमी यायची म्हणून. पण मालक आणि त्याची गुलाम बाई यांच्यातल्या संबंधाला मिसळणं म्हणायचं का? तिला नाही म्हणायची सोय होती का?

ही कल्पना मोठी केली ब्राझीलच्या जिल्बेर्तो फ्रेयरी या समाजशास्त्रज्ञाने, 1930 च्या दशकापासून. त्याचा मूळ हेतू वेगळा होता, ब्राझीलच्या संस्कृतीत आफ्रिकन लोकांचा वाटा केवढा ते त्याला ठासून सांगायचं होतं, त्या काळात ते धाडसाचं होतं. पण पुढे पोर्तुगालमधल्या सालाझारच्या हुकूमशाही सरकारला ते फार सोयीचं वाटलं. 1951 मधे त्यांनी कायदा बदलून वसाहतींना ‘समुद्रापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास फ्रेयरीला गोव्यासह सगळीकडे फिरवलं. त्याच वेळी अंगोला आणि मोझांबिकमधे बहुसंख्य आफ्रिकन लोकांना नागरिकत्वच नव्हतं, सक्तीची मजुरी होती, आणि नागरिक व्हायचं तर आपण ‘सुधारलेले’ आहोत हे सिद्ध करायला लागे. तो कायदा 1961 ला गेला, तोही अंगोलात बंड पेटल्यावर.

गोव्यात नक्की काय झालं? जाती गेल्या का धर्मांतराने?

गेल्या नाहीत. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारड, सुदिर हे भेद राहिलेच, चर्चमधल्या संघटनासुद्धा त्यावरून ठरायच्या. गावकरी म्हणजे जमिनीची सामायिक व्यवस्था पोर्तुगीजांनी मोडली नाही, 1526 ला तिचे नियम लेखी करून महसुलासाठी वापरली. मेक्सिकोत जसे स्थानिक पाटील ठेवले तसंच.

अत्याचार झाले का? झाले. तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली, मंगेश कुडथाळहून आणि शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवावी लागली, तेव्हा तो मुलूख आदिलशाहीत होता. इन्क्विझिशन 1560 ते 1812, मधली चारेक वर्षं सोडली तर. 1684 ला हुकूम निघाला, तीन वर्षांत सगळ्यांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायचं. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, ज्याच्याकडे मुंबई बेट भाड्याने होतं आणि ज्याने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर 1563 मधे गोव्यात पुस्तक छापलं, तो मुळात बाटवलेल्या ज्यू घरातला. तो गेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मधे, त्याची हाडं उकरून जाळली.

पण हे सगळं मुख्यतः जुन्या काबिजादीतलं, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडी, बारदेश, साष्टीतलं. पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, काणकोण हा भाग अठराव्या शतकाच्या दुसऱ्या अर्धात आला, तोवर ती धर्मवेडाची लाट ओसरली होती. म्हणून गोव्यात दहा-वीस किलोमीटरवर समाज बदललेला दिसतो.

ब्राझील पोर्तुगीज बोलतं मग गोवा का नाही बोललं?

माणसं आली नाहीत म्हणून, मुख्य कारण हेच. मिनासच्या सोन्यासाठी अठराव्या शतकात पोर्तुगालमधून लाखोंनी लोक ब्राझीलला गेले. त्याआधी साओ पावलोकडे घराघरात तिथल्या मूळ लोकांच्या तुपी भाषेवर आधारलेली ‘लिंग्वा जेराल’ चालायची, ती पोर्तुगालचा मंत्री पॉम्बाल याच्या सरकारने 1750 च्या दशकात बंद करायला घेतली. गोव्यात जन्माने पोर्तुगीज माणसं कायम मूठभर.

स्पॅनिश अमेरिकेत तर गंमत अशी की पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी नाहुआत्ल आणि इंकांची केचुआ लिहायला शिकवलं, आणि लोकांनी ते स्वतःसाठी वापरलं, मृत्युपत्रं, जमिनीचे दावे, राजाला तक्रारी. फेलिपे ग्वामान पोमा या अँडीजमधल्या माणसाने 1615 च्या सुमाराला राजाला जवळजवळ बाराशे पानांचं पत्र लिहिलं, त्यात 398 चित्रं, पाद्री मारतायत, कोरेहिदोर म्हणजे राजाचे जिल्हा अधिकारी लुटतायत, सगळं काढून दाखवलंय. राजाने वाचलं की नाही देव जाणे, 1908 मधे ते कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडलं. आणि पराग्वेत आजही गोरे-मेस्तिसो धरून बहुतेक लोक ग्वारानी ही मूळ लोकांची भाषा बोलतात, स्पॅनिशबरोबर तीही देशाची अधिकृत भाषा आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हे सगळं संपलं?

कागदावर. पेरूत 1780 ला तुपाक आमारू दुसरा याने बंड केलं, सक्तीने माल गळ्यात मारणाऱ्या कोरेहिदोरविरुद्ध. त्याची बायको मिकाएला बास्तिदास रसद आणि हेर सांभाळायची, दोघांना 18 मे 1781 ला कुस्कोच्या चौकात मारलं, आणि त्यानंतर इंका पोशाखावरही बंदी आली. त्या बंडाची भीती तिथेच जन्मलेल्या गोऱ्यांच्या, क्रिओलोंच्या, मनात इतकी बसली की स्पेनपासून सुटायचं तर आहे पण खालचे लोक उठायला नकोत, असं त्यांचं राजकारण झालं. मेक्सिकोत स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी मोरेलोस याने 1813 मधे कास्ता आणि गुलामी दोन्ही रद्द जाहीर केल्या, आणि 1829 ला आफ्रिकन वंशाच्या व्हिसेन्ते गेरेरोने राष्ट्राध्यक्ष म्हणून गुलामी बंद केली. पण ‘सगळे समान’ म्हटल्यावर इंदिओ गावांची सामायिक जमीन पण गेली, ती मोठ्या मालकांनी गिळली.

उपासाचे पदार्थ अमेरिकेतून आले हे खरं?

बरेचसे. साबुदाणा आज ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळं तिकडचेच. राजगिरा पण मेक्सिकोचा, आणि तिथे तो मधात वळून ‘आलेग्रिया’ नावाची वडी करतात, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारखीच. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवाच्या मूर्ती करून खायचे म्हणून स्पॅनिश पाद्री त्या धान्यावर चिडून होते. तिकडे ज्याला पूजेचं म्हणून दडपलं ते आपल्याकडे एकादशीला चालतं. काजू आणि अननस हे शब्दसुद्धा ब्राझीलच्या तुपी लोकांचे, पोर्तुगीजांनी आणले. चावी, पगार, लिलाव, तुरुंग, घमेलं, नाताळ मात्र थेट पोर्तुगीज.

वसई मराठ्यांनी घेतल्यावर इकडे काही उरलं का?

1739 मधे चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पुढच्या वर्षी चौल-रेवदंडाही गेलं. उरलं ते कोर्लईत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे किल्ल्याच्या पायथ्याशी गाव आहे, तिथले सातआठशे-हजार ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात, पावणेतीनशेहून जास्त वर्षं पोर्तुगालशी संबंध तुटून झाली तरी. वाक्याची रचना आता बरीच मराठीसारखी झालीय, क्रियापद शेवटी. भाषेला ते ‘नो लिंग’ म्हणतात, आमची जीभ. किल्ला बघायला जाणारे बहुतेक लोक गावातून सरळ पुढे निघून जातात. पुढच्या वेळी मासळी वाळत घातलेली असते त्या बाजूला जरा थांबा, म्हाताऱ्या बायका आपापसात बोलत असतात.